स्लॅबच्या पोटातलं पाणी

स्लॅब पडायच्या दिवशी साइटवरच्या सगळ्यांचं लक्ष मिक्सरकडे असतं. माझं लक्ष एका काट्याकडे असतं. सेंट्रिंगच्या कडेला हातभर उंचीवर एक छोटं प्रेशर गेज बांधलेलं असतं. त्याचा काटा सकाळी जिथे होता, साधारण तिथेच तो शेवटचं घमेलं रिकामं होईपर्यंत राहायला हवा. ऊन चढलं की तो किंचित वर सरकतो, ओलं काँक्रीट अंगावर पडलं की किंचित खाली येतो. त्याची काळजी नाही. पण तो उतरायला लागला आणि उतरतच राहिला, तर सळयांच्या जाळीत अंथरलेल्या, दाबाने हवा भरलेल्या नळीला कुठेतरी भोक पडलंय. ते शोधायला हातात फार तर अर्धा-पाऊण तास असतो. पुढे सिमेंट धरायला लागतं आणि ती नळी घराच्या उरलेल्या आयुष्यासाठी निकामी होते.

हे पुस्तक त्या नळीबद्दल आहे. बोटाएवढ्या जाडीची, १६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची नळी काँक्रीटच्या स्लॅबमध्ये वेटोळी घालून पुरायची आणि तिच्यातून पाणी फिरवायचं. थंड मुलखात ते पाणी कोमट असतं आणि जमीन उबदार होते. आपल्या यवतमाळात मात्र ते पाणी गार असायला हवं, आणि वर्षातले तीन-साडेतीन महिने त्याची खरी गरज पडते. जगभरातली या विषयावरची बहुतेक पुस्तकं बर्फातल्या घरांसाठी लिहिलेली आहेत. मेच्या रात्री नऊ वाजता छताखाली हात धरला की तव्याची धग लागते, अशा घरासाठी कुणीतरी लिहायला हवं होतं, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं.

ती धग रात्री नऊला का लागते, हे आधी समजून घेऊ. मेमध्ये भर दुपारी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. पाच इंची काँक्रीटमधून ती उष्णता खाली पोचायला काही तास लागतात. म्हणजे सूर्य मावळतो, वारा सुटतो, बाहेर बरं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी घरातलं छत सर्वाधिक तापलेलं असतं. स्लॅब ओकतो, असं आपल्याकडे म्हणतात. शब्द तंतोतंत बरोबर आहे. दिवसभर गिळलेलं तो रात्री बाहेर टाकतो. कवेलूच्या आणि धाब्याच्या घरांत हा त्रास इतका नव्हता. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जायची, धाब्याच्या छतावर मातीचा जाड थर असायचा. सिमेंट आलं, घरं पक्की झाली, गळती थांबली; पण त्याबरोबर ही रात्रीची भट्टीही आली. आता आपल्याच झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबनला, सिमेंटचा मोठा कारखाना आहे. सिमेंटचं घर काही मागे जाणार नाही. तेव्हा स्लॅबचा स्वभाव बदलता येतो का, एवढाच प्रश्न उरतो.

पंखा लावला तरी चैन का पडत नाही? कारण शरीराला फक्त हवा जाणवत नाही, आजूबाजूचे पृष्ठभागही जाणवतात. घरात स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता बाहेर जाते, तिचा मोठा वाटा प्रारणाने जातो. म्हणजे अंगाकडून भिंतीकडे, छताकडे, मधल्या हवेची वाट न पाहता. छत अंगाहून गरम असेल तर तोच व्यवहार उलटा होतो. आपल्या आज्यांना हे पाठ होतं. बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवायच्या, तेव्हा त्या खोलीतली हवा तापवत नव्हत्या. खालून वर जाणारी ऊब थेट पाठीला देत होत्या. शेगडीच्या जागी कोमट जमीन आणि बाजेच्या जागी आख्खी खोली ठेवा. या पुस्तकाचं तत्त्व यापेक्षा वेगळं नाही. मला हे तत्त्व परदेशी वाटत नाही ते त्यामुळेच.

इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची आहे. कोरियात चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवून घर ऊबदार ठेवायची ओंडोल पद्धत फार जुनी. रोमन स्नानगृहांच्या जमिनी विटांच्या खांबांवर उचललेल्या असत आणि खालून गरम हवा जाई. १९०७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आर्थर बार्कर यांनी काँक्रीटमध्ये बारीक पाइप पुरून त्यांतून गरम पाणी फिरवायची पद्धत पुढे आणली. फ्रँक लॉइड राइट यांनी जपानमध्ये कोरियन धाटणीच्या एका खोलीची ऊब अनुभवली होती. अमेरिकेत १९३७ मध्ये त्यांनी मॅडिसन शहरातल्या जेकब्स कुटुंबाच्या घराच्या जमिनीखाली पाइप घातले. आणि मग दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये हजारो स्वस्त घरांच्या स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या पुरल्या गेल्या.

आपल्या कामाची गोष्ट ती ही. त्या तांब्याच्या नळ्या पुढच्या काही दशकांत एकेक करून गळायला लागल्या. तांबं गंजलं, स्लॅब थोडे हलले, सांधे सुटले. गळती कुठे आहे ते कळायला जमीन फोडायची, आणि फोडताना शेजारची नळी तुटायची. कित्येक घरमालकांनी कंटाळून ती व्यवस्थाच बंद केली. ही पद्धत पुन्हा उभी राहिली ती १९६८ मध्ये जर्मनीत थॉमस एंगल यांनी पॉलिथिलीनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफायची रीत शोधल्यावर. त्या प्लास्टिकला आज आपण पेक्स म्हणतो. ते गंजत नाही, चुनखडी सहजासहजी धरत नाही, शंभर मीटरचं अखंड वेटोळं मिळतं. बारा बाय बाराच्या खोलीत सहा-सहा इंचांवर नळी फिरवली तर जवळजवळ ९० मीटर लागते. म्हणजे आख्खी खोली एका सलग तुकड्यात होते आणि स्लॅबच्या पोटात एकही सांधा राहत नाही. लेव्हिटटाउनने शिकवलेला धडा या एका वाक्यात आहे, म्हणून पुढच्या प्रकरणांत मी तो वारंवार सांगितला आहे. पुनरुक्ती वाटली तरी चालेल.

गार पाण्याची उदाहरणं शोधायला मात्र परदेशी जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. सगळे चक्की बघतात, हौद बघतात, मासे बघतात. त्या लांबलचक हौदाच्या खाली, भक्कम खांबांवर, एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेलं पाणी वर सतत हलत राहतं आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर गार छत असतं. ज्यांनी ते बांधलं त्यांच्याकडे पेक्स नव्हतं, पंप नव्हता. पण छत गार ठेवलं की माणूस गार राहतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. माझ्या मते महाराष्ट्रात या विषयाची प्रस्तावना तिथे, दगडात, आधीच लिहिली गेली आहे.

दुसरं उदाहरण पांढरकवड्यावरून पाटणबोरीमार्गे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर, हैदराबादला आहे. तिथल्या पोचारमच्या आवारात इन्फोसिसने २०११ मध्ये एक इमारत उभी केली आणि एक फार शहाणपणाची गोष्ट केली. इमारतीचे दोन सारखे भाग पाडले. एका भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवली, तीही चांगल्या प्रतीची. दुसऱ्या भागात छताच्या स्लॅबमध्ये नळ्या पुरून गार पाणी फिरवलं. हवामान तेच, काम तेच, माणसंही सारखीच. दोन वर्षं मीटर वाचले गेले. नळ्यांच्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली, आणि तिथे बसणाऱ्यांचं समाधानही कमी नव्हतं. असा समोरासमोरचा पुरावा बांधकामाच्या क्षेत्रात क्वचित मिळतो.

आता यवतमाळचा हिशेब. मेमधल्या एखाद्या दुपारी हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. अशा हवेत दव धरायला पृष्ठभाग १५ अंशांच्या आसपास गार व्हावा लागतो. आपलं छत २५-२६ अंशांवर ठेवायचं आहे, म्हणजे घाम येण्याचा प्रश्नच नाही. ही कोरडी हवा, जिला आपण उन्हाळाभर शिव्या देतो, या कामात आपली सर्वांत मोठी मैत्रीण आहे. शिवाय तीच हवा पाणी गार करून देते. माठ गार कसा होतो हे कुणाला सांगायला नको. त्याच न्यायाने गच्चीवरच्या छोट्या कूलिंग टॉवरमध्ये ३० अंशांच्या, ३५ टक्के आर्द्रतेच्या रात्री पाणी २१-२२ अंशांपर्यंत उतरवता येतं. कॉम्प्रेसर लागत नाही. एक पंखा, एक लहान पंप, आणि टॉवरचं क्षारयुक्त पाणी नळ्यांत जाऊ नये म्हणून मध्ये एक उष्णता-विनिमयक, एवढंच.

हे रात्री करायचं, कारण स्लॅब हीच आपली साठवण आहे. बारा बाय बाराच्या खोलीचा पाच इंची स्लॅब जवळजवळ चार टन वजनाचा असतो. तो एक अंशाने गार करणं म्हणजे साधारण एक युनिट उष्णता काढून घेणं. रात्रभरात चार-पाच अंश उतरवला, की दुपारी वीज गेली तरी छत लगेच तापत नाही. भारनियमनाच्या गावाला याचं मोल वेगळं समजावायला नको. खोली ३० अंशांवर आणि छत २६ अंशांवर असेल, वर पंखा फिरत असेल, तर आपल्या माणसाला ते पुरेसं सुखाचं असतं. एवढ्या फरकात छत दर चौरस मीटरला सुमारे ४४ वॅट उष्णता ओढतं. आख्ख्या खोलीची दहा तासांची ती उष्णता टॉवरमधून उडवायला नऊ-दहा लिटर पाणी लागतं. टॉवरमधलं पाणी अधूनमधून बदलावं लागतं ते वेगळं. मी पाण्याचा आकडा मुद्दाम काढला, कारण २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांचे तळ पाहिलेल्या गावाला पाणी पिणारं यंत्र सुचवताना आधी त्याची तहान सांगायला हवी. डेझर्ट कूलर दिवसाला याच्या कित्येक पट पाणी पितो आणि ते सगळं आपल्याच खोलीत वाफ करून सोडतो.

नळ्या जमिनीत घालाव्यात की छतात? लोकांना जमीन आवडते, कारण अनवाणी पायाला गार लादीचं सुख सगळ्यांना माहीत आहे. पण गार झालेली हवा जड होऊन जमिनीलगत पडून राहते. छताखालची गार हवा खाली उतरते आणि नवी हवा वर जाते. म्हणून एका अंशाच्या फरकाला गार छत दर चौरस मीटरला सुमारे ११ वॅट ओढतं, गार जमीन फक्त ७. गरम करताना हिशेब उलटतो, तिथे जमीन वरचढ. यवतमाळात उन्हाळा मोठा आणि थंडी सौम्य, तेव्हा एकाच ठिकाणी खर्च करायचा असेल तर तो छतात करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेसाठी तळमजल्याच्या एखाद्या खोलीत, म्हाताऱ्या माणसाच्या किंवा बाळंतिणीच्या, जमिनीत नळ्या घालून सोलर हीटरचं कोमट पाणी सोडावं. जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेऊ नये. त्यापुढे तळव्यांना ते नकोसं होतं.

एक प्रश्न मला पहिल्यांदा एका मिस्त्रीने विचारला, इंजिनिअरने नाही. "साहेब, पावसाळ्यात लादीले घाम येईन नं?" येईल. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २५ अंशांच्या खालचा कुठलाही पृष्ठभाग ओला होतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर २००६ पासून दमट हवेतही जमिनीतून गार पाणी फिरतं, पण तिथे आत येणारी हवा आधी कोरडी केली जाते. आपल्या घरात ते परवडणार नाही. तेव्हा मृगाचा पाऊस लागला की पंप बंद करायचा, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात हवा सुकल्याची खात्री करून मगच सुरू करायचा. जो विक्रेता ही व्यवस्था बारमाही म्हणून विकेल त्याच्याकडून घेऊ नका.

आणि छतावर सावली नसेल तर नळ्या अजिबात घालू नका. उघड्या गच्चीवरून उतरणारी उष्णता खोलीतल्या उष्णतेच्या कित्येक पट असते. तुमचं पाणी सूर्याशी झुंजत बसेल आणि तुम्हाला काही मिळणार नाही. आधी गच्चीवर उष्णतारोधक थर, त्यावर कोबा, त्यावर पांढरा रंग. ज्यांच्याकडे एवढेच पैसे आहेत त्यांनी इथेच थांबावं. वणी-राजूरकडच्या चुन्याचे दोन हात दर मार्चमध्ये गच्चीला दिले तरी रात्र सुसह्य होते, आणि हे सांगताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही.

आता त्या काट्याकडे परत येतो. माझ्या दुसऱ्याच कामावर तो काटा घसरला. अर्धा स्लॅब पडून झाला होता. आम्ही वेटोळ्यांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले, तेव्हा पश्चिमेकडच्या खोलीचं वेटोळं गळतंय हे कळलं. ओल्या काँक्रीटवर वाकून बुडबुडे शोधले. सापडले. हातांनी काँक्रीट उपसलं. नळी बांधायला वापरलेल्या बाइंडिंग वायरचं टोक आतल्या बाजूला वळलेलं होतं, आणि व्हायब्रेटर धरणाऱ्याचा पाय त्यावर पडल्याबरोबर ते नळीत घुसलं होतं. दोष त्या मुलाचा नव्हता. तारेने बांधा असं मीच सांगितलं होतं. तेवढा तुकडा कापून कपलिंग बसवलं, त्यावर आवरण गुंडाळलं, पुन्हा हवा भरली, काटा पंधरा मिनिटं स्थिर राहिलेला पाहिला आणि मग काम पुढे गेलं. त्या स्लॅबमध्ये एक सांधा राहून गेला. तो कुठे आहे हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल.

तेव्हापासून मी तार वापरत नाही, प्लास्टिकचे बंद वापरतो, दर दोन फुटांवर, आणि करकचून न आवळता. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्या एका दिवसावर आहे, कारण सगळं त्या दिवशी ठरतं. खालची जाळी आणि वरची जाळी यांच्या मधोमध नळी हवी, तळाला चिकटलेली नको. नळीची जाडी स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको आणि दोन नळ्यांमध्ये निदान तीन व्यासांचं अंतर हवं, हा अमेरिकन काँक्रीट संहितेतून आलेला दंडक. १६ मिलिमीटरची नळी पाच इंची स्लॅबमध्ये त्यात आरामात बसते. तरी आराखडा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचा, आणि तुळयांच्या तोंडाशी नळ्यांची गर्दी होऊ द्यायची नाही. मजुरांच्या ये-जा करायच्या वाटेवर फळ्या टाकायच्या. घमेलं वरून आदळायचं नाही. व्हायब्रेटरची सुई नळ्यांच्या मधल्या घरात उभी उतरवायची, आडवी ओढायची नाही. हे सगळं मजुरांना आदल्या संध्याकाळी, चहा घेता घेता, नळी हातात देऊन सांगायचं. सकाळी ओरडून सांगितलेलं कुणाच्या कानात जात नाही. नळी एकदा हातात धरलेला माणूस तिच्यावर पाय देत नाही, हा माझा अनुभव आहे.

तळमजल्याच्या जमिनीबाबत आपल्या जिल्ह्याची स्वतःची एक अडचण आहे: काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. कपाशीला ती आई आहे, फरशीला वैरीण. तिच्यावर थेट स्लॅब टाकून त्यात नळ्या घालणं म्हणजे पहिल्या दोन पावसाळ्यांत भेगांनी नळी ओढून घेणं. ती माती काढून मुरूम भरायचा, थर देऊन दाबायचा, त्यावर बिनसळईचं काँक्रीट (पीसीसी), मग उष्णतारोधक थर आणि मग नळ्यांचा स्लॅब. जिथे स्लॅबचा जोड येणारच आहे तिथे नळीवर हातभर लांबीची सैल बाही चढवायची, म्हणजे स्लॅब हलला तरी नळी बाहीत सरकते. यात काटकसर करायची वेळ आली तर तळमजला सोडून द्या, छत करा.

पुस्तकात आकडे आहेत, तक्ते आहेत, चित्रं आहेत. ती समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही, एवढं मी पाहिलं आहे. प्रत्येक प्रकरणाचा मसुदा आधी गवंडी, सेंट्रिंगवाले आणि प्लंबर यांच्यात वाचून दाखवला. जिथे त्यांच्या कपाळाला आठी पडली तो परिच्छेद मी नव्याने लिहिला. काही शब्द त्यांनीच दिले. 'लूप'ला त्यांनी वेटोळं म्हटलं, आणि त्यापेक्षा चांगला शब्द मला सुचला नाही.

शेवटचं प्रकरण सर्वांत लहान आहे आणि ते कृपा करून वगळू नका. काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे, जाळीवर टेप पसरून, म्हणजे प्रत्येक नळी भिंतीपासून किती फुटांवर आहे ते फोटोत वाचता येईल. मग त्यावरून नकाशा काढायचा आणि तो विजेच्या बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. मोबाइलमध्ये ठेवलेला फोटो मोबाइलबरोबर जातो. वीस वर्षांनी कुणीतरी या छताला नवा हूक ठोकायला ड्रिल मशीन घेऊन येईल. तो मुलगा आज कदाचित जन्मलेलाही नसेल. तो बोर्डाचं झाकण उघडेल, कारण ड्रिलचा प्लग लावायच्या आधी मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येक वायरमन बघतो. नकाशा त्याच्यासाठी काढा, अंतरं फूट-इंचांत लिहा, आणि मराठीत लिहा.